सपाट काचेवरची वाकडी रेघ

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

दिवाळीनंतरचं पहिलं खरं काम आज आलं. तीन जातींच्या पिक्चर ट्यूब, प्रत्येकीचे तीन नग. बोईसरातल्या एका नकाशांच्या ऑफिसला चाळीस मॉनिटर हवेत. ते लोक कारखान्यांच्या पाइपलाइनचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतात. त्यांची तक्रार अशी की जुन्या फुगीर काचेवर सरळ पाइप वाकडा दिसतो आणि नवे ड्राफ्ट्समन तो सरळ करत बसतात. शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तिन्ही बघून जाधव म्हणेल तीच ट्यूब घ्यायची. महिनाअखेर रिपोर्ट.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षं ह्या कारखान्यात, आधी टीव्ही, मग मॉनिटर, आणि प्रत्येक नग माझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय खोक्यात गेला नाही. आमची पद्धत जुनी आहे. हनुवटी टेकायला लाकडी घोडी, समोर पडद्यावर चौकोनी जाळी, जाळीच्या मध्यावर एक ठिपका. डावा डोळा मिटायचा, उजव्याने ठिपक्याकडे बघायचं. कडा आणि कोपरे पट्टीने मोजायचे, मध्य मात्र डोळ्याने. मला शिकवणारे मिस्त्री म्हणायचे, दोन डोळे उघडे ठेवले की ते एकमेकांची चूक झाकतात. निकाल एकाने द्यायचा.

१० नोव्हें., मंगळ

काचांची ओळख करून घेतली. स्टीलची पट्टी घेऊन.

नं. १, आपली नेहमीची. पालथ्या परातीसारखी, सगळ्या बाजूंनी फुगलेली. पट्टी कशीही ठेवा, मध्यावर डुगडुगते. छतावरची ट्यूबलाइट तिच्यात कायम दिसते, कुठेही बसा.

नं. २. उभी पट्टी बरोबर बसते, आडवी डुगडुगते. म्हणजे पिंपाच्या पोटासारखी, एकाच बाजूने वाकलेली. चित्र झकास. पण नीट बघितलं तर केसाएवढ्या दोन आडव्या करड्या रेषा कायम दिसतात. आतल्या तारा धरून ठेवणाऱ्या तारा आहेत त्या, जाणार नाहीत. नकाशावाल्याला ती रेषा पाइप वाटली तर संपलंच.

नं. ३, पूर्ण सपाट. पट्टी ठेवली तर खालून उजेडही येत नाही. अशी काच मी आजवर पाहिली नव्हती. चालू केली तर गंमत, पडदा आत खोल गेल्यासारखा दिसतो. मला एकट्याला नाही, सगळ्यांना. वायरिंगच्या बेंचवरच्या रेखाताई (उमरोळीच्या, दहा वर्षं माझ्या शेजारी) येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, वाटीत बघितल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं फुगीर बघून डोळ्याला तेच सरळ वाटायला लागलंय, त्यामुळे सरळ आहे ते खोल दिसतं. सवयीचा खेळ.

१२ नोव्हें., गुरु

नं. ३ जाळीवर घेतली. नापास.

ठिपक्याच्या शेजारून जाणारी आडवी रेघ खाली वाकते. थोडी, तांदळाच्या दाण्याएवढी, पण वाकते. तिथले दोन चौकोन लहान दिसतात. पहिला नग खराब असेल म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. तिन्हीत तेच, त्याच जागी. म्हणजे बनवण्यातच दोष. नं. १ आणि २ मध्ये असं काही खटकत नाही, तिथे रेषा मुळातच वाकलेल्या.

लाल चिठ्ठी लिहिली, 'मधोमध रेघ वाकते', खाली सही. मनात म्हटलं, एवढा गाजावाजा आणि साधी रेघ सरळ काढता येत नाही. जरा जास्तच खूश झालो.

१४ नोव्हें., शनि

शेठ नाराज. नकाशावाल्यांचं मन नं. ३ वरच आहे. फुगीर दिली तर ते दुसरीकडे जातील. शेठनी फोन लावला तर ट्यूब पुरवणारा म्हणतो, हे शक्यच नाही. शेठनी बाकीच्यांना विचारलं. सगळे म्हणाले, हो, खोल वाटतं खरं, जाधवभाऊ म्हणतायत तर असेल. कोणी घोडीवर हनुवटी टेकून बघितलं नाही. माझ्यानंतर बघायची आमच्याकडे पद्धतच नाही.

मी परत एकदा बघितलं. आज जास्त वाकली.

१७ नोव्हें., मंगळ

उजव्या डोळ्यापुढे डाग. ट्यूबलाइटकडे एकटक बघून नजर वळवल्यावर राहतो तसा, करडा, फक्त तो जात नाही. उकाड्याने असेल. झोप कमी. पाण्याचे हबके मारले.

पांढरा रंगही लागत नाहीये. प्रत्येक नगाचा पांढरा पिवळट दिसतो, निळा वाढवावा लागतो. ट्यूबचा हा लॉटच खराब आलाय की काय.

घरी नलू विचारत होती डोळे का चोळतोयस. धूळ, म्हटलं.

२० नोव्हें., शुक्र. सुट्टी

सकाळी चहाच्या आधी ही वही उघडली. लिहायला काही नव्हतं. सवयीने डावा डोळा मिटला आणि पानाकडे बघितलं.

वहीची रेघ वाकलीय.

छापलेली, निळी, सरळ रेघ. मी बघतो तिथेच खाली वाकते. खालच्या रेघेकडे बघितलं, ती वाकली आणि वरची सरळ झाली. जिथे बघेन तिथे. मग खिडकीचे गज. मग फरशीची सांध. मग कॅलेंडरचे चौकोन, आजच्या वीस तारखेवर नजर धरली की वीसचा चौकोन आक्रसतो आणि आजूबाजूच्या तारखा त्याच्याकडे झुकतात.

नलू आत पोळ्या लाटत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी ४. सकाळपासून अकरा वेळा बघितलं. तसंच आहे.

बाबा. दिवसभर बाबाच डोक्यात. विट्याला आमचं शिलाईचं दुकान. बाबा एक्केचाळिसाव्या वर्षापासून हळूहळू कमी बघायला लागले आणि कोणाला बोलले नाहीत. मला कळलं ते सातवीत, शाळेच्या शर्टावरून. पुढची शिवण नागमोडी आली होती. पोरं हसली. मी घरी येऊन तो शर्ट त्यांच्यापुढे आपटला. बाबांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि आईला विचारलं, वाकडी आहे का गं. आई म्हणाली, नाही हो, सरळ आहे. नंतर ते जेवायला बसले की ती गिऱ्हाइकांचे कपडे उसवून हाताने परत शिवायची. चार वर्षं चाललं असं. मग दुकान बंद. मग बाबा ओट्यावर.

मला आता त्रेचाळीस.

२१ नोव्हें., शनि

दोष कुठे आहे हे शोधायची आमची एक साधी युक्ती आहे. मॉनिटर आडवा पाडायचा. दोष ट्यूबमध्ये असेल तर तोही ट्यूबबरोबर फिरेल.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर नं. ३ कुशीवर ठेवला. उजव्याने बघितलं. वाकडेपणा फिरला नाही. तिथेच, ठिपक्याच्या शेजारी, खाली.

मग उजवा मिटला आणि डाव्याने बघितलं. एकोणीस वर्षांत घोडीवर डाव्याने कधी बघितलं नव्हतं.

जाळी सरळ. शंभर टक्के सरळ. इतकी सुंदर जाळी मी आजवर कुठल्याही काचेवर बघितली नाही, आणि ती मी लाल चिठ्ठी लावून नापास केलीय.

मॉनिटर उभा केला, पुसला, चिठ्ठी होती तशी ठेवली. कोणाला काही बोललो नाही. का नाही बोललो ते इथे तरी लिहितो. ह्या कारखान्यात मी म्हणजे माझा उजवा डोळा. तो गेला तर मी कोण ते मला माहीत नाही. घाबरलोय.

२४ नोव्हें., मंगळ

चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतला. नलू म्हणाली, स्वारी कोणाच्या विचारात आहे, मला कळू दे तरी. मी उगीच तिच्यावर ओरडलो. तिने फडकं आणलं, पुसलं.

शेठनी सांगितलं, ट्यूब पुरवणाऱ्याचा माणूस ३ डिसेंबरला, गुरुवारी येतोय. म्हणतो, दोष समोर दाखवा. नाही दाखवला तर नकाशावाल्यांना तो परस्पर दुसऱ्याकडून मॉनिटर देववेल. शेठ हसत होते. त्यांना वाटतं जाधव त्याची जिरवणार.

नऊ दिवस. उजवा डोळा तसाच. आता डाव्याचीही रोज परीक्षा घेतो. तो अजून ठीक. रोज वाटतं, आज त्यातही दिसणार.

२६ नोव्हें., गुरु

रेखाताईंना माहीत आहे.

सुट्टीच्या वेळी डबा घेऊन माझ्या बेंचवर आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, त्या तीन नंबरची रेघ सरल हाय. तुमी जेवायला गेलेले तवा मी घोरीवर बघितली."

मी म्हटलं, तुम्हाला सवय नाही बघायची.

"सवय नाय, पन डोले हायत." मग थोड्या थांबल्या. "तुमी लावलेला पांढरा रंग निला येतो. पंधरा दिस झाले, तुमी उठलात का मी तो परत लावते. कोनाला बोलले नाय."

आई जेवणाच्या वेळी शिवणी उसवायची ते आठवलं. मान खाली घालून डबा उघडत बसलो.

त्यांनी सगळं सांगितलं. चाळीस मॉनिटरचं काम नाही आलं तर शेठ संक्रांतीआधी वायरिंगचा बेंच बंद करणार. चार बायका. नं. ३ नापास झाली म्हणजे त्यांचा बेंच गेला. त्यांना माझी नोकरी नको आहे, असंही म्हणाल्या. फक्त गुरुवारी तो माणूस आला की मी खरं बोलावं, नाहीतर त्यांना बोलावं लागेल, आणि ते त्यांना बोलायचं नाहीये. शेवटी एवढंच विचारलं, "वहिनींना सांगितलंत का? नाय ना?"

२७ नोव्हें., शुक्र. सुट्टी

नलूला घेऊन शिरगावला गेलो. ती किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसली, मी पुढे वाळूवर. भरती होती. समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ बघायची होती, ती तरी कोणी वाकवू शकणार नाही असं मनात होतं. डावा डोळा मिटला. मी बघितलं तिथे समुद्र खाली दबला.

उजवा मिटला, सरळ. डावा मिटला, दबला. किती वेळ चाललं कोण जाणे. मागून नलू म्हणाली, समुद्राला डोळा मारतोयस का.

मग सांगितलं. सगळं, बाबांच्या शर्टापासून. संपल्यावर तिने माझ्या डोळ्यात बघितलं, दोन्हींत आलटून पालटून, जणू बाहेरून दिसणार होतं काही. म्हणाली, "मंगळवारी पालघरला जायचं. आणि परत माझ्यावर ओरडायचं असेल तर कारण आधी सांगायचं."

परत येताना बसमध्ये माझा हात धरून बसली. सरावलीचा आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

१ डिसें., मंगळ. पालघर

डॉक्टर तरुण आहेत, मृदू बोलतात. डोळ्यात थेंब घातले, तासभर बसवलं. नंतर समोर एक कागद धरला. चौकोनी जाळी, मध्ये ठिपका. म्हणाले, एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा. रेषा वाकलेल्या दिसतात का सांगा.

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. एकोणीस वर्षं हीच परीक्षा मी दुसऱ्यांची घेतोय. नलूला वाटलं मला काही झालं.

त्यांनी वहीत चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, बाहेरचं चित्र त्याच्यावर पडतं. माझ्या उजव्या पडद्याखाली, अगदी मध्यावर, पाणी साचलंय. भिंतीच्या रंगाला ओलीने फुगवटा येतो तसा पडदा उचलला गेलाय. म्हणून रेषा वाकतात, वस्तू लहान दिसतात, पांढरा पिवळट दिसतो. म्हणजे फुगीर काच माझ्याच डोळ्यात बसलीय.

औषध नाही. बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. काहींचं ओसरत नाही. काहींचं परत परत येतं आणि व्रण राहतो. बाबांचं सांगितलं तर म्हणाले, तेव्हा कोणी तपासलं नाही, त्यामुळे तेच हे, असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. मुंबईला जाऊन डोळ्याचा फोटो काढून घ्या, शिरेत रंग सोडून काढतात तो. जाळीचा कागद घरी न्या, रोज एकदाच बघा.

आणि घाबरू नका, म्हणाले. घाबरणाऱ्या, ताण घेणाऱ्या माणसांना हे जास्त होतं. औषध म्हणून एवढंच दिलं त्यांनी. आता भीती वाटली की भीतीचीच भीती वाटते.

परत येताना थेंबांमुळे सगळं पांढरंफेक. उमरोळी कधी मागे पडलं कळलं नाही.

३ डिसें., गुरु

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

अकराला तो माणूस आला. टाय वगैरे. शेठ, तो, मागे सगळा कारखाना. नं. ३ चालू, जाळी लावलेली, लाल चिठ्ठी तशीच. शेठ म्हणाले, दिखाइए जाधव.

रात्रभर ठरवलं होतं की म्हणायचं, तपासणी चुकली, घोडी हलली होती. अर्धं खरं. कारण विचारलंच तर बघू. घोडीपाशी गेलो, हनुवटी टेकली. आणि उजवा डोळा मिटला. डाव्याने बघितलं, मान वर केली आणि म्हटलं, रेघ सरळ आहे, नग पास.

टायवाला हसला आणि ब्रीफकेस उघडायला लागला. त्याचं काम झालं होतं. पण शेठ हलले नाहीत. एकोणीस वर्षं बघतायत ते मला. हळूच म्हणाले, "जाधव, आज दूसरी आँख?"

रेखाताई खाली बघत होत्या.

सांगितलं मग. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठी झालं. उजवा डोळा बिघडलाय, काच चांगली आहे, चूक माझी, पंधरा दिवस माहीत असून मी गप्प बसलो. शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, पण आलं तोंडातून. टायवाला ब्रीफकेसकडे बघत राहिला.

शेठनी चिठ्ठी काढली, चार घड्या करून खिशात ठेवली. मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, संक्रांतीपर्यंत तुम्ही स्टोअरमध्ये बसा, खोकी मोजा. मग डॉक्टर काय म्हणतो ते घेऊन या. डोळा आला तर घोडी तुमची. नाही आला तर… एवढं बोलून टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

७ डिसें., सोम

स्टोअर. खोकी. नं. ३ च्या ट्यूब येताहेत.

घोडीवर रेखाताई. सकाळी मला विचारायला आल्या, डावा मिटायचा की उजवा. म्हटलं, दोन्ही वेगवेगळे बघा, आणि मग दोन्ही एकदम. मिस्त्री असते तर मला बाहेर काढलं असतं. पण एकाच डोळ्यावर विसंबून काय झालं ते बघितलं.

त्या चांगलं बघतात. माझ्याहून सावकाश. सतरा नगांत दोन परत पाठवले, दोन्ही मी बघितले असते तर सोडले असते. रागही आला, सुटल्यासारखंही वाटलं. राग जास्त.

१५ डिसें., मंगळ

जाळीचा कागद आरशाशेजारी लावलाय. रोज दाढीच्या वेळी एकदा. पेन्सिलने वाकलेली जागा उतरवून घेतो आणि तारीख टाकतो. पंधरा दिवसांचे पंधरा कागद. एकावर एक ठेवून उजेडात धरले तर सगळे सारखेच. थोडं इकडेतिकडे, ते पेन्सिलच्या टोकामुळे.

डॉक्टर रोज एकदाच म्हणाले होते. मी आठ-दहा वेळा बघतो. नलूला ठाऊक आहे. तिने कागद काढून लपवला तर मी खिडकीचे गज बघतो. गज तिला काढता येत नाहीत.

२२ डिसें., मंगळ

मुंबईला जाऊन आलो. हाताच्या शिरेतून पिवळा रंग, मग डोळ्याचे फोटो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. काळ्या गोलात एक पांढरा ठिपका, बारीक, टाचणीच्या टोकाएवढा. तिथून पाणी झिरपतंय. लेझरने बंद करता येईल, पण ठिपका नजरेच्या मध्याला इतका चिकटून आहे की चुकलं तर मध्यच जाईल. थांबा, म्हणाले. २९ जानेवारीला परत या, तोवर पाणी कमी झालं नाही तर ठरवू.

नलूने विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं. ते म्हणाले, थांबलो असतो आणि झोपलो नसतो. खरं बोलणारा माणूस भेटला, त्यानेच जास्त घाबरलो.

१ जाने. १९९९, शुक्र. सुट्टी

नवीन वही नलूने आणली, बिनरेघांची. मी जुनीच चालू ठेवलीय. पानं आहेत अजून.

९ जाने., शनि

चाळीस मॉनिटर आज गेले. वायरिंगचा बेंच राहिला. रेखाताईंनी घरून तिळाचे लाडू आणले, संक्रांतीच्या आधीच. मला दोन दिले.

टेम्पोत चढवायच्या आधी शेवटचा नग चालू करून बघत होते सगळे. मी स्टोअरच्या दारातून बघितला. एक गोष्ट ध्यानात आली. विचारलं, आता खोल वाटतो का पडदा. वाटीसारखा म्हणत होतात ना. रेखाताईंनी बघितलं, बाकीच्यांनीही. "नाय," त्या म्हणाल्या. "आता सपाटच वाटतो. कवाधरनं, ते नाय सांगता येत."

काच तीच आहे. दोन महिन्यांत डोळे शिकले.

१४ जाने., गुरु. संक्रांत

आज कागदावर खळगा लहान आला.

पहिल्यांदा. परत बघितलं, परत लहान. तांदळाच्या दाण्याचा अर्धा. १५ डिसेंबरचा कागद खाली ठेवून उजेडात धरला, फरक स्पष्ट. नलूला हाक मारली, ती हात न पुसताच धावत आली, तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे कागदावर उमटले. दोघंही दहा मिनिटं वेड्यासारखे हसत होतो.

मग ती पोळ्यांकडे गेली आणि मला रेखाताईंचं बोलणं आठवलं. आता सपाटच वाटतो. कधीपासून ते सांगता येत नाही.

पाणी ओसरलं असेल, तर रेघ सरळ होतेय. किंवा पाणी तेवढंच आहे आणि दोन महिने वाकडी रेघ बघून बघून डोळ्याला तीच सरळ वाटायला लागलीय. हे आतून कसं कळणार? पेन्सिल माझ्याच हातात, बघणारा डोळा तोच. बाबांचंही असंच झालं असेल. त्यांना शिवण सरळच दिसत असेल, शेवटपर्यंत. इतकी वर्षं वाटत होतं ते आमच्यापासून लपवत होते.

२९ ला पंधरा दिवस आहेत. शेठनी संक्रांतीपर्यंत म्हटलं होतं, ती आजच. उद्या सुट्टी, परवा त्यांच्यापुढे उभं राहायचंय. सांगू काय? बरा होतोय? तसं वाटतंय, एवढंच म्हणता येईल, आणि वाटण्यावर आमच्याकडे नग पास होत नाही.

नलूने आणलेली बिनरेघांची वही आज उघडली. डावा डोळा मिटून तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि एक ओळ लिहिली, रेघ नसताना हात कुठे जातो ते बघायला. मला सरळ दिसली. नलू तिळगूळ घेऊन आली, तिच्यापुढे वही धरली आणि विचारलं, सरळ आलीय का गं.

तिने वाटी माझ्या हातात दिली. वहीकडे न बघताच म्हणाली, हो, सरळ आहे.